फ्रीमेसनांच्या पेढीनाम्यात हर्मिस कुठे बसतो, ते कसं तपासावं

आधी ट्रंक पूर्ण रिकामी करा आणि निघालेल्या वस्तू एकमेकींपासून लांब ठेवा. ठेच लागल्यावर शिकलेली गोष्ट आहे ही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना सासूबाईंच्या मामांची पत्र्याची ट्रंक निघाली. वरच मलमलीत गुंडाळलेला एक ॲप्रन. पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा, आकाशी रेशमी काठाचा. खाली दोन आणि वरच्या झाकणीवर एक अशी तीन आकाशी फुलं, आणि दोन्ही बाजूंना चंदेरी साखळ्यांचे गोंडे. प्रत्येक गोंड्यात सात साखळ्या, मोजल्या मी. त्याखाली कंपास आणि गुण्या एकात एक अडकवलेलं चित्र असलेली निळी पुस्तिका. त्याखाली थिऑसॉफीची, म्हणजे सगळ्या धर्मांचं मूळ एकच मानणाऱ्या पंथाची, दोन-चार पत्रकं. आणि तळाशी ‘द किबेलियन’ नावाचं इंग्रजी पुस्तक, पान पान सुटं झालेलं. इतकी वर्षं ही चार जणं एकाच डांबरगोळीच्या वासात राहिलेली.

पुतण्याने फोटो काढले, रात्री जेवताना मोबाईल चाळत म्हणाला, “काकू, हे सगळं एकच आहे. इजिप्तमधला हर्मिस, त्याचेच चेले म्हणजे फ्रीमेसन. पाच हजार वर्षं जुनं.”

फ्रीमेसन, किंवा नुसतं मेसन, म्हणजे दीक्षा घेऊन आत जाणारी बंधुमंडळी. नाव आणि खुणा गवंड्यांच्या धंद्यातल्या, आणि त्यांच्या शाखेला म्हणतात लॉज. पुतण्याला हसायचा मला अधिकार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका महिला मंडळात मी स्वतः हेच ठोकून दिलं होतं, किबेलियनच्या आधारावर. समोर बसलेले एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “बाई, कागद?” मी एका वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं वारसाची कामं टाइप केलेली, आणि माझ्याकडे कागद नव्हता. घरी येईपर्यंत कान गरम होते.

तर ही पद्धत त्या दिवसापासूनची. वारसाच्या कामात आमच्याकडे दोन गोष्टी लागतात. एक पेढीनामा, ज्याला महाराष्ट्रात वंशावळ म्हणतात. आणि दुसरं, कोणी बाहेरून आत आला असेल तर दत्तकपत्र. 1956 च्या कायद्यात दत्तकाची मेख स्पष्ट आहे: दत्तहोम झालाच पाहिजे असं नाही, पण मूल प्रत्यक्ष दिलं आणि घेतलं गेलं पाहिजे. चेहरा सारखा आहे, यावर वारसा लागत नाही. बडोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव 27 मे 1875 ला महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि सयाजीराव झाला. कोणी दिला, कोणी घेतला, कोणत्या तारखेला, सगळं नोंदलेलं.

हर्मिसचंही तसंच विचारायचं. देणारा कोण, घेणारा कोण, तारीख काय, कागद कुठे? एवढे चार प्रश्न घेऊन बसा. पाचवा लागत नाही.

सुरुवात हर्मिसच्या जन्मघरापासून करा, कारण घोळ तिथूनच आहे. ग्रीकांचा देव हर्मिस आणि इजिप्तचा लेखनविद्येचा देव थॉथ, या दोघांचा एक झाला, आणि त्याला ‘ट्रिस्मेजिस्टस’, म्हणजे त्रिवार थोर, अशी पदवी लागली. त्याच्या नावावर जे तत्त्वज्ञान आहे ते इजिप्तमध्ये पण ग्रीक भाषेत, साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात लिहिलं गेलं. लिहिणारे अनेक, नाव एकाचं. आपल्याकडे व्यासांच्या नावावर किती काय खपलंय, तसंच.

1460 च्या सुमारास एक भिक्षू या ग्रंथांची ग्रीक पोथी घेऊन फ्लॉरेन्सला आला. तिथला धनाढ्य सत्ताधारी कोसिमो दे मेदिची तेव्हा म्हातारा झाला होता. त्याने आपल्या पदरचा विद्वान मार्सिलियो फिचिनो याला सांगितलं, प्लेटोचं भाषांतर राहू दे, आधी हे कर. 1463 मध्ये फिचिनोने चौदा प्रकरणांचं लॅटिन केलं, पुढच्या वर्षी कोसिमो गेला, आणि 1471 मध्ये ते छापलं गेलं. सगळ्यांना वाटलं, हा बायबलातल्या मोझेसच्या काळचा ऋषी. सिएनाच्या कॅथीड्रलच्या फरशीवर त्याचं मोठं चित्र आहे, खाली लिहिलंय मोझेसचा समकालीन म्हणून. मग 1614 मध्ये आयझॅक कॅसोबाँ या भाषापंडिताने ग्रीक तपासून दाखवलं की ही भाषा इतकी जुनी असूच शकत नाही, ती ख्रिस्तानंतरची आहे. आमच्या ऑफिसात एकदा 1930 सालच्या म्हणून आलेल्या मृत्युपत्रात ‘किलोमीटर’ शब्द निघाला होता. कॅसोबाँचं काम त्याच जातीचं.

म्हणून पहिली काट इथेच मारा. ‘पाच हजार वर्षं’ कुठे दिसलं की पेन्सिलीने उभी रेघ.

आता आत काय लिहिलंय ते थोडं चाखून बघा, कारण गोडी तिथे आहे आणि चूकही तिथेच होते. पहिल्या प्रकरणात माणसाचा जीव सात ग्रहांच्या कक्षांतून वर चढतो आणि प्रत्येक कक्षेत एकेक दोष परत करत जातो: एके ठिकाणी कपट, एके ठिकाणी लोभ. तेराव्या प्रकरणात बाप मुलाला पुनर्जन्म शिकवतो, या देहातच नवा जन्म, आणि ही गोष्ट बाहेर बोलायची नाही असं बजावतो. पाचूची पाटी म्हणून एक छोटा मजकूर आहे, ‘जे वर तसंच खाली’वाला. तो आधी अरबीत सापडतो, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपास, आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये आला. न्यूटनने त्याचं स्वतःच्या हाताने इंग्रजी केलं होतं. आपण मराठी माणसं हे वाचलं की लगेच ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणून मान डोलावतो. डोलवा, पण नोंद करू नका. पायऱ्या, नवा जन्म, मौनाची शपथ, हे सगळं मेसनांच्या दीक्षेशी जुळतं, आणि आपल्या गुरुमंत्राशीही जुळतं. जुळणं म्हणजे देणंघेणं नव्हे. (जाता जाता: हवाबंद डब्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोही या हर्मिसवरूनच आला, किमयागार आपली भांडी जशी मोहोरबंद करत त्यावरून. लीलो चेवडोच्या पाकिटावर तो दिसला की मला मामांची ट्रंक आठवते.)

दुसरीकडे गवंड्यांचं घर. इथे मला फार मजा येते, म्हणून जरा थांबते.

इंग्लंडमधल्या पाथरवट-गवंड्यांची सगळ्यात जुनी हस्तलिखितं चौदाव्या-पंधराव्या शतकातली. त्यातली सर्वांत जुनी म्हणजे एक लांबलचक कविता, आणि तिच्यात विद्येचा मूळपुरुष कोण? युक्लिड. इजिप्तमध्ये बसून सरदारांच्या मुलांना भूमिती शिकवणारा. हर्मिसचं नाव नाही. मग येतं कुक हस्तलिखित, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं समजलं जातं. त्यात गोष्ट अशी: महापूर येणार म्हणून पूर्वजांनी सगळ्या विद्या दोन खांबांवर कोरून ठेवल्या. पूर ओसरल्यावर एक खांब पायथागोरसला सापडला, दुसरा हर्मिसला, आणि त्यांनी त्यावरची विद्या पुढे शिकवली.

म्हणजे हर्मिस आहे! आणि फिचिनोच्या भाषांतराच्या आधी आहे. पुतण्या इथे टाळी देईल. त्याला देऊ द्या, आणि मग 25 डिसेंबर 1583 अशी तारीख असलेलं हस्तलिखित उघडा. त्यात खांब सापडलेल्याचं नाव ‘हर्मारिनीस’ असं पडलंय, आणि तो चक्क बायबलातल्या महापुरातून वाचलेल्या नोहाचा पणतू दाखवलाय: नोहा, त्याचा शेम, त्याचा क्यूबी, त्याचा हर्मारिनीस, ज्याला पुढे हर्मिस, शहाण्यांचा बाप, असं म्हणू लागले. माझ्यासारखीला हे बघून हसूच फुटतं. नकलेवरून नक्कल करणाऱ्या कारकुनांनी नाव बिघडवलं, आणि घराण्यात बसवायला वडील-आजोबा जोडून दिले. तलाठ्याकडे असे पेढीनामे मी किती पाहिले असतील! पण तो कारकून लबाड नव्हता. त्याला आपल्या धंद्याला जुनं घराणं हवं होतं, आणि मध्ययुगातल्या बखरींत हर्मिस हे विद्या शोधणाऱ्याचं ऐकीव नाव होतं. या हर्मिसकडे ना सात ग्रह, ना पुनर्जन्म. त्याच्याकडे फक्त एक खांब आहे.

इथे वहीत दोन रकाने करा: ‘नाव आलं’ आणि ‘विचार आला’. कुक हस्तलिखित पहिल्या रकान्यात. दुसरा रकाना अजून कोराच.

त्या रकान्यात पहिली नोंद करायची तर स्कॉटलंडला जावं लागतं. विल्यम शॉ हा राजा सहाव्या जेम्सचा बांधकाम-प्रमुख. त्याने 1598 आणि 1599 च्या डिसेंबरात गवंड्यांच्या लॉजसाठी नियम काढले, आणि दुसऱ्या नियमावलीत एक कलम असं आहे की प्रत्येक कारागिराची आणि उमेदवाराची ‘स्मरणकला आणि तिचं शास्त्र’ यात परीक्षा घ्यावी. दगड फोडणाऱ्याची स्मरणशक्तीची परीक्षा! ही स्मरणकला मूळची जुन्या रोमन वक्त्यांची, पण त्या काळात तिला हर्मिसच्या विचाराची फोडणी दिली होती जिओर्दानो ब्रूनोने, ज्याला पुढे 17 फेब्रुवारी 1600 रोजी रोममध्ये जाळलं. ब्रूनोचा एक स्कॉटिश शिष्य, अलेक्झांडर डिक्सन, स्मरणकलेवर 1584 मध्ये पुस्तक छापून मोकळा झालेला. डेव्हिड स्टीव्हनसन या इतिहासकाराने 1988 मध्ये हा धागा जोडून दाखवला. माझ्या मते दुसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखी ही पहिली नोंद, पण पेन्सिलीने. कलम आहे, तारीख आहे, घेणारा आहे. देणाऱ्याची सही नाही.

ही कला करून पाहिल्याशिवाय तिचं लॉजशी नातं कळत नाही, म्हणून हा भाग वाचून सोडू नका. ओळखीची इमारत किंवा रस्ता डोळ्यांपुढे आणायचा, ठरलेल्या क्रमाने चालायचं, आणि प्रत्येक ठिकाणी एक विचित्र चित्र ठेवून यायचं. मी बडोद्याच्या जुन्या शहरातली मांडवी आणि तिच्या चारी दिशांचे दरवाजे घेतले. मांडवीच्या कमानीखाली मधोमध नोहाचा पणतू, काखेत खांब मारून. पाणीगेटमध्ये फिचिनो, पोथी ओली होऊ नये म्हणून डोक्यावर धरलेला, आणि मागून कोसिमो ओरडतोय, प्लेटो नंतर, प्लेटो नंतर! लहेरीपुऱ्यात कॅसोबाँ लाल पेन्सिल घेऊन कमानीवरच खुणा करतोय. चांपानेर दरवाजात शॉ एका पाथरवटाला पाढे विचारतोय. गेंडीगेटमध्ये कोण ते पुढे सांगते. चित्र जितकं खुळचट तितकं टिकतं. गंभीर चित्रं दुसऱ्या दिवशी निघून जातात.

आता लॉजची खोली आठवा, किंवा निळ्या पुस्तिकेतलं चित्र बघा: काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, दोन खांब, वर जाणारी शिडी, सूर्य-चंद्र, ओळंबा, पाणसळ, छिन्नी. अठराव्या शतकात लॉज खाणावळीच्या नाहीतर गुत्त्याच्या खोलीत भरे. ही आकृती खडूने जमिनीवर काढत आणि सभा संपली की नव्या सभासदाला बादली-पोतेरं देऊन पुसायला लावत. आपली रांगोळीच, फक्त पुसायचं काम पुरुषाचं. पुढे ती कापडावर, मग फळ्यावर आली. हे चित्र म्हणजे लक्षात ठेवायचं घर आहे, एवढं मांडवीत दोनदा चालून आल्यावर आपोआप पटतं.

पुढची पायरी साक्षीदारांची, आणि इथे दोघंच पुरेत. रॉबर्ट मोरे, 20 मे 1641 ला न्यूकॅसलमध्ये स्कॉटिश सैन्यातल्या मेसनांनी त्याला आत घेतलं. किमयेचा नादी, लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या स्थापनेतला माणूस, पत्रांवर स्वतःची मेसन खूण म्हणून पंचकोनी तारा काढणारा. आणि एलायस ॲशमोल, ज्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय: 16 ऑक्टोबर 1646, दुपारी साडेचार, वॉरिंग्टन इथे फ्रीमेसन झालो. हाच माणूस 1652 मध्ये इंग्रजी किमयाशास्त्राच्या कवितांचा जाडजूड संग्रह छापतो. गेंडीगेटमध्ये हा उभा आहे, घड्याळ बघत.

या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र करा. ॲशमोलने रोजनिशीत मेसनांचा उल्लेख किती वेळा केला? त्या दिवशी, आणि मग थेट 1682 च्या मार्चमध्ये लंडनच्या एका सभेला गेला तेव्हा. पस्तीस वर्षांनी! किमयेवर पानंच्या पानं लिहिणारा माणूस या दोन गोष्टी एका वाक्यात कुठे जोडत नाही. एकच माणूस दोन घरी जेवायला जातो म्हणून दोन घरांचं नातं लागत नाही. फार तर एवढं म्हणता येईल की त्या दोन घरांमध्ये दार उघडं होतं. मी तरी तेवढंच म्हणते.

1717 च्या 24 जूनला लंडनच्या चार लॉजनी मिळून ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था, केलं अशी नोंद आहे (तारखेवर आता काही अभ्यासक वाद घालतात), 1723 मध्ये अँडरसनची नियमावली छापली गेली. तिच्यात जोर भूमितीवर आणि भल्या वागणुकीवर. हा काळ भराभर उलटा. आपल्या कामाचं फारसं नाही.

खरं दत्तकविधान पुढे फ्रान्समध्ये, 1730 च्या दशकानंतर. मेसनांच्या दीक्षेच्या तीन मूळ पायऱ्यांवर मजल्यांवर मजले चढले, आणि त्या वरच्या मजल्यांवर हर्मिस थाटामाटात आला. 1766 मध्ये बॅरन चुदीने आपल्या ग्रंथात हर्मेटिक तत्त्वज्ञांची प्रश्नोत्तरावलीच घातली. स्कॉटिश राइट या तेहतीस पायऱ्यांच्या पंथात अठ्ठाविसावी पायरी ‘सूर्याचा सरदार’, किमयेने भरलेली. युरोपातल्या कित्येक लॉजमध्ये दीक्षेआधी माणसाला एका काळ्या खोलीत एकटं बसवतात: समोर कवटी, वाळूचं घड्याळ, मीठ, गंधक, पारा, आणि भिंतीवर किमयागारांचं एक लॅटिन सूत्र, पृथ्वीच्या पोटात उतर, शोधून घे, गुप्त दगड सापडेल अशा अर्थाचं. इथे चारही प्रश्नांची उत्तरं मिळतात. दुसऱ्या रकान्यात शाईने लिहा.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या अल्बर्ट पाइकने 1871 मध्ये त्या तेहतीस पायऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात फ्रेंच गूढवादी एलिफास लेव्हीचा मजकूर भरपूर उचललेला. 1888 मध्ये लंडनला गोल्डन डॉन नावाची जादूविद्येची मंडळी निघाली, तिचे तिन्ही संस्थापक मेसन. म्हणजे आता उलटा प्रवास: मेसनांची पायऱ्यांची पद्धत हर्मिसवाल्यांनी घेतली. आणि मामांचं किबेलियन? 1908, शिकागो. लेखक ‘तीन दीक्षित’. मी ज्याच्या जोरावर पाच हजार वर्षं सांगितली ते पुस्तक माझ्या आजेसासऱ्यांपेक्षा धाकटं निघालं.

थिऑसॉफीची पत्रकं सगळ्यात शेवटी वाचा, कारण आपल्या घरांत हा गोळा तिथे मळला गेला. थिऑसॉफीच्या पुढारी ॲनी बेझंट 1902 मध्ये बायकांनाही घेणाऱ्या मेसन शाखेत गेल्या आणि ती शाखा त्यांनी इंग्लंडमध्ये आणि हिंदुस्थानात वाढवली. त्यांच्या मंडळींना हर्मिस, वेद, पिरॅमिड, लॉज, सगळं एकाच मुळाचं वाटे. आवडतं मला ते वाचायला, खोटं कशाला बोलू. पण सेव-उसळीसारखं आहे ते. उसळ आपली, सेव त्यांची, बडोद्यात एका बशीत आली म्हणून मूळची एकाच चुलीवरची ठरत नाही.

जिवंत मेसन भेटला तर काय विचारायचं? खुणा आणि परवलीचे शब्द विचारू नका. ते तो सांगणार नाही, आणि अपमान होतो. शिवाय विधींचा बाकी बराच मजकूर 1730 पासून छापील फिरतो आहे. विचारायचं असं: तुम्ही कोणत्या ग्रँड लॉजचे, कोणता विधी चालवता, आणि हे तीन पायऱ्यांतलं की वरचं? भारताचं ग्रँड लॉज 24 नोव्हेंबर 1961 ला झालं. त्याच्या अनेक लॉजमध्ये इंग्रजी पद्धतीचा विधी चालतो, आणि त्या पद्धतीत काळी खोली नसते. ओळखीच्या एका काकांना मी विचारलं. ते म्हणाले, “अहो ताई, तीस वर्षं जातोय, हर्मिसचं नाव पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकतोय. आमच्याकडे दानधर्म आणि जेवण.”

पुतण्याने मात्र हार मानली नाही. त्याने इंग्रजी विधीतल्या पहिल्या पायरीच्या फळ्यावरचं व्याख्यान शोधून आणलं, ज्यात मेसनांच्या चालीरीतींचं प्राचीन इजिप्तच्या लोकांशी जवळचं साम्य आहे असं म्हटलंय. “हे बघ, त्यांनीच लिहिलंय.” मी त्याला शब्दावर बोट ठेवायला सांगितलं. साम्य. वारसा म्हटलेलं नाही. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला, मग म्हणाला, “काकू, हे वकिलाने लिहिलंय.”

राहिली ट्रंक. कातड्याच्या ॲप्रनला डांबरगोळी टेकू देऊ नका, डाग पडतो. घडी घालू नका, जुनं कातडं घडीवर तडकतं. सुती कापडात सपाट ठेवा, साखळ्यांखाली वेगळं फडकं. निळी पुस्तिका, पत्रकं आणि किबेलियन यांची तीन वेगवेगळी पाकिटं करा आणि वर साल घाला. मी तसंच केलं. चौथ्या पाकिटावर ‘हर्मिस, नोहाचा पणतू, 1583’ असं लिहून आत त्या पेढीनाम्याची नक्कल ठेवली आहे, नावातल्या चुकीसकट.